पहिला तोडा

काटा अगदी बारीक होता, वांग्याच्या देठावरचा, आणि उजव्या अंगठ्यात नेमका तिथं शिरला होता जिथं फोनची काच लागते. त्यामुळं प्रत्येक अक्षराला एक बारीक कळ... मोहिनीनं अंगठा तोंडात धरला, दातांनी काटा ओढून पाहिला, तो काही निघेना, मग डाव्या हाताच्या बोटानं, सावकाश, पहिलीतल्या पोरीसारखं एकेक अक्षर शोधत तिनं लिहून काढलं — 'नव्या वाफ्यातली पहिली काटेरी वांगी. आज पहाटे तोडलेली.' त्याखाली किती आहेत, त्याखाली भाव, त्याखाली वेळ आणि जागा : संध्याकाळी, सेवाग्रामला, दवाखान्याच्या क्वार्टरच्या गेटजवळ. फोटो आधीच काढून ठेवला होता. विहिरीच्या कठड्यावर टोपलं, टोपल्यात वांगी, वांग्यांवर दव आणि बाजूनं येणारं कोवळं ऊन. फोटोतली वांगी खऱ्या वांग्यांपेक्षा जरा जास्तच खुशीत दिसत होती. तिनं बाण दाबला आणि मेसेज गेला.

किती सोपं झालं होतं हे आता! सुरुवातीला काय दिवे लावले होते ते आठवलं की तिला अजून हसू यायचं. ग्रुपचं नाव 'नत्थूजींची वाडी', कारण सासऱ्यांचं नाव सेलूच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आणि तिचं कुणालाच नाही. आणि त्या ग्रुपवर ती रोज सकाळी आधी एक गुलाब टाकायची, मग शुभ सकाळ, मग आयुष्य कसं जगावं यावर दोन ओळी — जशी काही दवाखान्यातली माणसं आयुष्य कसं जगावं हे विचारायला तिच्याकडंच येणार होती — आणि सगळ्यात शेवटी 'ताजी भाजी उपलब्ध आहे, संपर्क साधावा.' संपर्क कुणाशी साधायचा? तिच्याशीच ना? ती तर तिथंच होती, फोन हातात धरून, वाट बघत. लोक बघायचे आणि गप्प राहायचे. एखादी बाई तेवढी विचारायची, 'भाव?' आणि भाव सांगेपर्यंत तिची भाजी दारावरच्या गाडीवाल्याकडून घेऊन झालेली असायची.

मग बचत गटानं वर्ध्याला नेलं. एक दिवसाचं शिबिर, वर पंखा, खाली सतरंजी, आणि अंकिता मॅडम — सर्दीनं नाक लाल झालेली, वयानं मोहिनीपेक्षा लहानच — पण बोलायला लागली की बायका चहा विसरल्या. गिऱ्हाइकाला विचारायला लावू नका, ती म्हणाली. काय आहे, किती आहे, कितीला आहे, कधी मिळेल, एवढं आधी सांगा. मग तुमची फुलं टाका, माझं काही म्हणणं नाही. आणि 'काही कारणास्तव' हे शब्द आजपासून मेले असं समजा. कारण असेल तर सांगा. सांगता येत नसेल, तर गोंधळ मेसेजमध्ये नाही, तुमच्या डोक्यात आहे. आणि शेवटी तिनं सगळ्यांना डोळे मिटायला लावले. ग्रुपला लिहू नका, एका माणसाला लिहा. तुमच्या गिऱ्हाइकांतला एक चेहरा समोर आणा... कुणाचा आला? बायका खुसुखुसु हसत होत्या. कुणाला डॉक्टरीणबाई दिसल्या, कुणाला शाळेचे हेडमास्तर. मोहिनीला जो चेहरा दिसला तो तिनं आयुष्यात फक्त फोटोत पाहिला होता. तिनं झटकन डोळे उघडले आणि विचारल्यावर सांगितलं, "कोणाचाच नाही आला मॅडम."

आता फोन टुणटुणायला लागला होता. एक किलो, अर्धा किलो, 'भरताची नाहीत का?', एक किलो... तिनं टोपलं उचलून ओसरीवर आणलं, तराजूजवळ ठेवलं आणि पिशव्या काढल्या. घरात ती आणि सासू दोघीच. बाजाराचा दिवस, म्हणून सासरे, नत्थूजी, पहाटेच मेथी-पालक घेऊन सेलूला गेलेले, आणि नवरा, मुकेश, त्यांना सोडून परस्पर कामावर. सासूबाई, मंदाबाई, मागच्या अंगणातून आल्या, हात पुसत, आणि टोपल्यापाशी थांबल्या.

"हे तराजूपाशी काऊन आणलं व?"

"ग्रुपवर टाकलं आई. लोकायनं मांगितलं बी."

"पहिला तोडा हाय ना तो," मंदाबाई म्हणाल्या.

मोहिनीच्या हातातली पिशवी उघडीच राहिली. पहिला तोडा. तिनं स्वतःच तर लिहिलं होतं, पहिली काटेरी वांगी! तिनं लिहिलं, तिनं वाचलं, दोनदा वाचलं, मॅडमनं सांगितल्याप्रमाणे, आणि तरी...

"भुलली काय?" मंदाबाई हसल्या. रागावल्या नाहीत, त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "जाऊ दे. लिहून दे त्यायले, आमच्या घरी पहिला तोडा विकाचा नसते म्हणून. पुढच्या तोड्याचे देतो म्हणा. मानसं समजून घेते. दुपारून तुह्या पदरात टाकतो, मंग भरून करू रातच्याले."

आणि त्या आत गेल्या, चुलीवरचं पाणी बघायला.

लिहून दे. मोहिनी ओसरीच्या पायरीवर बसली. सोपं होतं. काय, किती, कितीला, कधी. पण आज चारही गोष्टी बाजूला आणि पाचवीच समोर येऊन बसलेली — का?

या घरात पहिला तोडा विकत नाहीत. कुणी सुरू केलं ठाऊक नाही, गावात दुसऱ्या कुणाकडं तिनं ते पाहिलं नाही, पण इथं वांगी असोत, टमाटे असोत, चवळीच्या शेंगा असोत, नव्या वाफ्यातलं पहिलं टोपलं लेकीचं. लेक घरात असली तर तिच्या पदरात. सासरी असली तर टोपलं सासरी जातं, बसनं जावं लागलं तरी जातं. मोहिनी लग्न होऊन आली तेव्हा घरातली लेक घरात नव्हती आणि सासरीही — म्हणजे होती सासरी, पण ते सासर हे घर मानत नव्हतं. नंदिनी. मुकेशची धाकटी बहीण. सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅबमध्ये कामाला लागली, तिथल्याच धीरजशी नोंदणी करून लग्न केलं, दुसऱ्या जातीतला, आणि लग्न झाल्यावर घरी फोन केला. त्या दिवशी नत्थूजी ओरडले नाहीत म्हणे. फक्त म्हणाले, विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं, पण विचाराचं होतं. आणि नंतर ते नाव या घरात कुणी घेतलं नाही. मोहिनीला नंदिनी ठाऊक होती ती कपाटावरच्या फोटोतून, जो कुणी काढून ठेवला नव्हता आणि कुणी पुसतही नव्हतं... पुसायची ती मोहिनी, दिवाळीला, इतर सामानासोबत, घाईनं.

आणि तिच्या पहिल्याच थंडीत, नवी नवरी असताना, एका दुपारी मंदाबाई तिच्यापुढं टोपलं घेऊन उभ्या राहिल्या. धर पदर, म्हणाल्या. तिला कळेना. तिनं पदर धरला आणि त्यांनी टोपलं रिकामं केलं. थंडगार वांगी, जड, पोटाशी... मोहिनीची आई ती चौथीत असताना गेली. गिरडला काकांकडं ती वाढली, काकांनी चांगलं वाढवलं, खोटं का बोला, पण चांगलं वाढवणं वेगळं आणि पदरात काही टाकणं वेगळं. लग्नात ओटी भरली ती काकूनं, भटजींनी सांगितलं म्हणून. इथं कुणी सांगितलं नव्हतं. "आता तूच," मंदाबाई म्हणाल्या होत्या, तेवढंच, आणि वळल्या होत्या. त्या रात्री तिनं मुकेशला काही सांगितलं नाही. असलं सांगून त्याला काय कळणार होतं! ती फक्त खूप वेळ जागी राहिली, सुखानं.

मग विसरले कशी मी? तीन वर्षं जी गोष्ट मी वाफ्यात पहिलं फूल दिसलं की मोजायला लागते, ती नेमकी आज... की विसरलेच नव्हते? विहिरीच्या कठड्यावर टोपलं ठेवताना, ऊन बाजूनं यावं म्हणून ते इकडंतिकडं सरकवताना, 'पहिली' हा शब्द लिहिताना माझ्या मनात काय होतं? कुणी बघावं म्हणून? सगळ्यांनी? का एकीनं...

फोन टुणटुणला.

'अर्धा किलो वांगी. देठासकट.'

नाव धीरजचं. धीरज ग्रुपवर होता. वर्ष झालं असेल, क्वार्टरमधल्या कुणीतरी त्याला लिंक पाठवली आणि तो आत यायची परवानगी मागत होता. मोहिनीनं नाव वाचलं, फोन उलटा ठेवला, कणीक मळली, पुन्हा सुलटा केला आणि परवानगी दिली. कुणाला सांगितलं नाही. मुकेशलाही नाही. संध्याकाळी स्कूटी घेऊन तीच जायची, गेटजवळ पिशव्या द्यायची, तो यायचा, "नमस्कार वहिनी" म्हणायचा, पिशवी घ्यायचा, जायचा. मेथी, कांद्याची पात, कधी आंबाडी. ती त्याच्या पिशवीत एखादी जुडी जास्त टाकायची आणि वाटायचं, झालं, आपण आपलं केलं.

पण आजची ओळ धीरजची नव्हती. लॅबमधला माणूस देठाचं कशाला सांगेल? वांगी भरताना देठ ठेवायचा, काटे तेवढे चिमट्यानं काढायचे, ताटात देठाला धरून वांगं उचलायचं — हे या घरातलं. मोहिनीच्या काकूकडं देठ कापून फेकायचे, ती इथं येऊन शिकली. म्हणजे नंदिनीनं फोटो पाहिला. आपल्या विहिरीचा कठडा पाहिला, आपल्या आईचं टोपलं पाहिलं, 'पहिली' हा शब्द वाचला आणि त्याच्या खाली भाव वाचला. आणि रागावली नाही, भांडली नाही, ग्रुपमधून निघून गेली नाही. तिनं अर्धा किलो मागितलं. विकत.

आपल्याच बापाच्या वाडीतली पहिली वांगी भाव वाचून मागायची... कसं टाइप केलं असेल तिनं? ड्युटीवर? नवऱ्याचा फोन घेऊन? एका ओळीत सगळं सांगितलं होतं तिनं : काय पाहिजे, किती पाहिजे, कसं पाहिजे. एक शब्द जास्त नाही. अंकिता मॅडमनं शाबासकी दिली असती.

आता उत्तर. एका तासाच्या आत उत्तर द्यावं, उशीर म्हणजे नकार, हेही मॅडमचंच. तिनं लिहिलं — 'काही कारणास्तव आजची वांगी' — आणि पुसलं. ते शब्द मेलेले होते. मग लिहिलं — 'माफ करा. आमच्याकडे पहिला तोडा विकत नाहीत, तो लेकीला जातो.' वाचलं. स्वच्छ होतं, खरं होतं, डॉक्टरीणबाई वाचतील आणि म्हणतील, अय्या, किती छान रीत! सगळ्यांना कळलं असतं. आणि एकीला? तिनं 'लेकीला' वाचल्यावर काय समजायचं? आपल्याला बोलावतायत? की, बघ, तुला अर्धा किलो विकतसुद्धा नाही, लेक दुसरी आहे आता... एकाच वाक्यात कुणाला हार आणि कुणाला थप्पड. मोहिनीनं 'लेकीला' पुसलं आणि 'घरात' लिहिलं. 'तो घरातच राहतो.' हे तर आणखी वाईट! घरात कोण आणि घराबाहेर कोण, हे भाजीच्या ग्रुपवर ठरवायला निघालीस की काय बाई तू?

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मंदाबाई काहीतरी गुणगुणत होत्या, सूर नसलेलं.

मेसेज लिहिता येत नाही म्हणजे गोंधळ डोक्यात आहे. बरं, आहे. काय आहे तो गोंधळ? ती स्वतःला विचारत गेली, पायरीवर बसून, ऊन गुडघ्यांवर चढत असताना. नत्थूजींची भीती? नाही. ते रागावतील, जेवणार नाहीत एक दिवस, पण ते मनानं वाईट नाहीत. मुकेश? तो तर बहिणीचं नाव निघालं की बाहेर जाऊन गाडी पुसत बसतो, स्वच्छ गाडी. मग? मग हे की... हे की मला तो तोडा पाहिजे. झालं, म्हटलं. मला पाहिजे. अर्धा नको, सगळा पाहिजे, थंडगार, जड, दुपारच्या उन्हात, आणि पुढच्या वर्षीही पाहिजे. वर्षभर मी धीरजच्या पिशवीत जुडी जास्त टाकली ती माया म्हणून नाही नुसती. ती तिकडचं तिकडंच मिटावं म्हणून. नंदिनी आली तर मंदाबाई तिच्याकडं बघतील. साहजिकच आहे, पोटची आहे. मग मी सून. चांगली सून, कामाची सून, फोनवर भाजी विकणारी हुशार सून — सगळं खरं, पण सून. कुणीतरी नसल्यामुळं मिळालेली जागा होती ती, आणि मी तिच्यात इतकी सुखानं बसले की जिची जागा तिनं आज विकत मागावं...

तिला रडू आलं नाही. लाज वाटली, थोडी, आणि लाजेच्या खाली त्या न पाहिलेल्या मुलीबद्दल अशी काही माया दाटून आली की तिचं तिलाच नवल वाटलं. देठासकट! दोन दिवसांचं माहेरपण मागावं तसं तिनं ते मागितलं होतं. मोहिनीला माहेर नसणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. या घरात दुसऱ्या कुणाला ते तेवढं ठाऊक नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. कुणीतरी विचारत होतं, 'ताई, वांगी नक्की ना?' तिनं उत्तर दिलं नाही.

जेवणं झाली. ऊन ओसरीवर आडवं आलं. मंदाबाईंनी टोपलं घेतलं, एक डागी वांगं काढून बाजूला ठेवलं, टोपल्याला कुंकवाचं बोट लावलं आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"धर पदर."

मोहिनी उठली. पदराचं टोक तिच्या हातात होतं.

"आई, थांबा. आधी एक वाचून दाखवतो."

"काय व?"

"ग्रुपवर आलं हाय." तिनं फोन उघडला. किती छोटी ओळ! "'अर्धा किलो वांगी. देठासकट.' धीरजच्या नंबरावरून. पण लिहिलं नंदिनीताईनं हाय."

टोपलं मंदाबाईंच्या हातात तसंच होतं, आणि त्या त्यातल्या वांग्यांकडं बघत होत्या. जणू त्या वांग्यांनाच विचारावं तसं, त्या म्हणाल्या,

"विकत मांगून राह्यली?"

"हो."

"भाव लिहिला होता तू?"

"हो. भाव बी."

टोपलं खाली आलं. मंदाबाई पायरीवर बसल्या, टोपलं मांडीवर. मग मान वर करून त्यांनी मोहिनीकडं पाहिलं, आणि तशी नजर मोहिनीनं या घरात आजवर पाहिली नव्हती.

"अन् तो कवापासून हाय तुह्या फोनात?"

"वर्ष झालं असन."

"वर्ष!" त्यांचा आवाज चिरला. "वर्षभर तू तिच्या दारात जाऊन राह्यली, भाजी नेऊन देऊन राह्यली, अन् मले एका शब्दानं सांगतलं नाई? काऊन? मी का मेली होती काय? बोल ना! रोज मले नावं वाचून दाखवत होती ना व, कोणी काय मांगितलं, कोणी किती मांगितलं, अन् हे एक नाव तेवढं गिळून टाकत होती? कशी हाय ते, वाळली का, जाडी झाली, काई पाह्यलं तू? नाई पाह्यलं? गेटापाशी उभी राहून वापस येत होती? दोन जिने चढता आले नाई तुले? एवढी कशी अकलेची कच्ची व तू, पोरी..."

त्या थांबेनात. आवाज चढत होता, फुटत होता, पुन्हा चढत होता. शेजारचं कुत्रं उठून बघायला लागलं. आणि मोहिनी उभी होती, पदराचं रिकामं टोक मुठीत धरून, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते नेमकं कशाचं आहे हे तिला कळत नव्हतं. चुकलं होतं, ते तर खरंच होतं. टोपल्याचं काय करायचं, हे कुणी बोललं नव्हतं. संध्याकाळी नत्थूजी येतील, ते काय म्हणतील कोण जाणे. ग्रुपवर माणसं उत्तराची वाट बघत होती, आणि तिकडं एक बाई नवऱ्याचा फोन पुन्हा पुन्हा उघडून पाहत असेल... हे सगळं तिला दिसत होतं. पण त्याच्या आड दुसरंच काही हळूहळू वर येत होतं. इतक्या वर्षांत मंदाबाई तिच्यावर कधी ओरडल्या नव्हत्या. दूध उतू गेलं, कपबशी फुटली, रोपं वाळली — जाऊ दे, म्हणायच्या, हसायच्या, मऊ आवाजात. घरी आलेल्या पाहुणीला कुणी बोलतं का? असं अंगावर धावून, अशा हक्कानं, असं रडत रडत तिला कधीच कुणी बोललं नव्हतं. आईनं बोललं असेल, पण ते तिला आठवत नव्हतं. मंदाबाई अजून बोलतच होत्या. आणि मोहिनीला आता एकच भीती वाटत होती, की त्या कधीतरी थांबतील, डोळे पुसतील, आणि पुन्हा तिच्याशी गोड बोलायला लागतील.